लोकमान्यांचा पासपोर्ट

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी माझा एक जुना विद्यार्थी भाईंदरला माझ्या घरी आला. दहा-बारा वर्षांपूर्वी तो माझ्या वर्गात होता. आता तिशीला आला असून येथल्याच स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात हिशेबनीस आहे. त्याला इंग्लंडमध्ये नोकरीची संधी चालून आली होती आणि व्हिसाचा अर्ज भरता भरता तो एका रकान्यापाशी अडला होता. आजवर कोणत्याही देशात, कोणत्याही गुन्ह्याबद्दल आपणांस शिक्षा झाली आहे काय, असे विचारणारा तो रकाना होता. उत्तर एका शब्दाचे होते. पण तो शब्द त्याच्या हातून उमटत नव्हता. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी क्रिकेटच्या सामन्यावरून झालेल्या मारामारीत त्याने एका मुलाचे डोके फोडले होते. खटला झाला, त्याने गुन्हा कबूल केला, न्यायालयाने त्याला कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि दंड सुनावला. दंड त्याच दिवशी भरला गेला. त्यानंतर त्याच्या हातून कोणावर बोटही उगारले गेलेले नाही.

अर्ज भरून देणाऱ्या एजंटाने त्याला बिनदिक्कत नाही असे लिहावयास सांगितले होते. इतक्या जुन्या गोष्टी उकरून काढावयास कोणाला वेळ आहे, असा त्याचा युक्तिवाद. वडिलांचे म्हणणे असे की, अर्जच करू नये. असलेली नोकरी सांभाळावी. मुलगा मला विचारावयास आला होता. मागणी, पुरवठा आणि सीमांत उपयोगिता यांपलीकडे मी त्याला काही शिकवलेले नव्हते, त्यामुळे तत्काळ उत्तर देणे मला साधले नाही. त्याला आठ दिवसांनी बोलावले आणि त्या आठ दिवसांत एका अशा माणसाचे चरित्र पुन्हा चाळले, ज्याला आपण सारे शाळेपासून ओळखतो, पण ज्याच्या आयुष्यातील ही बाजू आपण क्वचितच पाहतो. तो माणूस म्हणजे बाळ गंगाधर टिळक. त्यांच्या नावावर तीन शिक्षा होत्या, आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांना इंग्लंडला जाण्यासाठी सरकारच्या दारात पासपोर्ट मागत उभे राहावे लागले होते.

टिळकांच्या शिक्षा आज आपल्याला पदकांसारख्या वाटतात. मंडालेचे नाव आपण अभिमानाने घेतो. परंतु ज्या काळात त्या झाल्या त्या काळी सरकारी दप्तरात त्यांची नोंद इतर कैद्यांच्या नोंदीसारखीच होती. कलम, शिक्षेची मुदत, दंडाची रक्कम, सुटकेची तारीख. त्या नोंदीने पुढे बावीस वर्षे त्यांची पाठ सोडली नाही. हा भाग नीट समजावून घेतला, तर माझ्या विद्यार्थ्याच्या रकान्यावरही काही प्रकाश पडू शकेल.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी आणि पुढे कायद्याची पदवी घेऊन हा तरुण सरकारी नोकरीकडे न वळता शिक्षणाच्या कार्यात शिरला. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ साली 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे, असा त्या मित्रमंडळाचा उद्योग सुरू झाला. आणि पत्रे निघून दोन वर्षे होण्याच्या आतच पहिली शिक्षा झाली.

हे पहिले प्रकरण आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत असल्याचा आरोप करणारा मजकूर या पत्रांनी छापला आणि त्यात संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर दोषारोप केला. ज्या पत्रांच्या आधारे हा मजकूर लिहिला गेला ती पत्रे बनावट निघाली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली. तरीही अब्रुनुकसानीबद्दल १८८२ च्या जुलैत टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते दोघे बाहेर आले. म्हणजे, ज्यात आपली चूक होती आणि जी चूक आपण मान्य केली होती, अशा एका गोष्टीसाठी लोकमान्यांनीही तुरुंग पाहिला होता. त्यांचे वय त्या वेळी सव्वीस होते. या शिक्षेची पुढे त्यांनी कधी लपवालपवी केली नाही, आणि तिचे भांडवलही केले नाही. तरुणपणी झालेली ती चूक त्यांच्या आयुष्यात एका ओळीपुरती राहिली, कारण पुढचे आयुष्य त्या ओळीहून फार मोठे झाले.

दुसरी शिक्षा १८९७ ची. पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली घराघरांत सोजीर शिरत होते. आणि २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वेळी टिळक मुंबई कायदेमंडळाचे सभासद होते. 'केसरी'तील मजकुराबद्दल त्यांना २७ जुलैला अटक झाली आणि राजद्रोहाचा खटला उभा राहिला. नऊ ज्युरींपैकी सहा युरोपियनांनी त्यांना दोषी, तर तीन हिंदी ज्युरींनी निर्दोष ठरवले. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी राजद्रोहाची व्याख्या इतकी ताणली की, सरकारविषयी प्रेम नसणे हाही गुन्ह्याचा भाग ठरावा. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. मॅक्स म्युलर यांच्यासारख्या युरोपीय पंडितांनीही त्यांच्या सुटकेसाठी विनंती केली आणि वर्षभराने, सप्टेंबर १८९८ मध्ये ते सुटले. पण ही सुटका सशर्त होती. पुन्हा असा गुन्हा शाबीत झाल्यास उरलेले सहा महिने भोगावे लागतील, ही त्यातील एक अट होती. शिक्षा संपली, तरी तिचा एक तुकडा सरकारने आपल्या हाती ठेवला होता.

यानंतरचे प्रकरण फारसे सांगितले जात नाही. बाबामहाराज पंडित या सरदाराच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यांपैकी टिळक एक होते. दत्तकाच्या प्रश्नावरून विधवा ताईमहाराजांशी तंटा झाला आणि त्या तंट्यातून टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा फौजदारी खटला झाला. १९०३ च्या ऑगस्टमध्ये खालच्या न्यायालयाने त्यांना अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा दिली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली. आणि मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना पूर्णपणे निर्दोष ठरवले. मूळ दिवाणी वादही १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलात टिळकांच्या बाजूने सुटला. राजद्रोहाच्या शिक्षेबद्दल लोक आदर करीत. खोट्या साक्षीचा आरोप मात्र माणसाच्या चारित्र्यालाच हात घालणारा होता. म्हणून आपली सारी राजकीय कामे सांभाळून टिळक या एका प्रकरणाचा पाठपुरावा वर्षानुवर्षे करीत राहिले. निकाल हातात येऊनही तो आरोप त्यांच्यामागे कसा लंडनपर्यंत गेला, ते पुढे येईल.

१९०८ चा खटला सर्वांना परिचित आहे. मुझफ्फरपूरच्या बॉम्बप्रकरणानंतर 'केसरी'ने लिहिलेल्या लेखांबद्दल २४ जूनला अटक झाली. जामिनासाठी बॅरिस्टर जिनांनी बाजू मांडली. तो अर्ज न्यायमूर्ती दावर यांनी फेटाळला. हेच दावर १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन अशा मताने ज्युरींनी टिळकांना दोषी ठरवले आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा व एक हजार रुपये दंड झाला. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. साबरमतीहून टिळकांना मंडालेला नेण्यात आले. तेथे 'गीतारहस्य' लिहिले गेले, आणि तेथेच १९१२ च्या जूनमध्ये सत्यभामाबाई निवर्तल्याची बातमी त्यांना मिळाली. जून १९१४ मध्ये ते पुण्यास परतले, तेव्हा वय सत्तावन्न होते आणि मधुमेहाने शरीर पोखरले होते.

येथे शिक्षा संपली, असे कोणीही म्हणेल. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर कर्ज फिटले होते. परंतु कर्ज फिटूनही गहाणखत सावकाराकडेच राहावे, तशी टिळकांची स्थिती झाली. १९१६ च्या एप्रिलमध्ये होमरूल लीग स्थापन झाली. त्या संस्थेचे पहिले अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, म्हणजे काका बॅप्टिस्टा. त्यांचे घराणे आपल्या भाईंदरजवळच्या उत्तनचे, ही गोष्ट या परिसरातील तरुणांना सांगण्यासारखी आहे. त्याच वर्षी जुलैत टिळकांची साठी साजरी होत असतानाच सरकारची नोटीस आली. चांगल्या वर्तणुकीबद्दल स्वतःचा वीस हजार रुपयांचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन द्यावेत, अशी तिची मागणी होती. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने हा हुकूम रद्द केला. बाजू मांडणारे पुन्हा जिनाच होते.

आता पासपोर्टकडे वळू. टिळक मंडालेत असतानाच, १९१० साली, व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराचे हिंदुस्थानातील असंतोषावरील पुस्तक प्रसिद्ध झाले होते. त्यात टिळकांचा संबंध राजकीय खुनांशी जोडला होता आणि ताईमहाराज प्रकरणही त्यांच्या विरुद्ध वापरले होते. सुटून आल्यावर टिळकांनी चिरोलवर लंडनच्या न्यायालयात अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. शिक्षा भोगून आलेल्या माणसाने आपली अब्रू इंग्लंडच्या ज्युरीकडून परत मागावी, हे धाडसच होते. राजद्रोहाची शिक्षा झाली ती झाली. पण म्हणून खुनाशी आपले नाव जोडण्याचा अधिकार कोणास पोहोचत नाही, हा टिळकांचा आग्रह होता. ज्या गुन्ह्याची शिक्षा झाली त्याच गुन्ह्यापुरते त्या शिक्षेने बोलावे, त्यापुढे जाऊ नये, हा भेद ते करू पाहत होते. आजच्या कोणत्याही व्हिसा अधिकाऱ्यापुढे उभा असलेला माणूसही तोच भेद मागत असतो.

पहिल्या महायुद्धापूर्वी जगात हिंडण्यासाठी पासपोर्टची सक्ती बहुतेक ठिकाणी नव्हती. पैसा आणि बोटीचे तिकीट असले की माणूस जाऊ शके. आपले अनेक विद्यार्थी असेच विलायतेला गेले. युद्धाने हे चित्र पालटले. सुरक्षिततेसाठी म्हणून आलेली परवान्याची पद्धत युद्ध संपल्यावरही गेली नाही. तात्पुरती म्हणून आलेली नियंत्रणे कायमची होतात, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगावयास नको. या नव्या पद्धतीचा चटका ज्या पहिल्या मोठ्या हिंदी पुढाऱ्यांना बसला, त्यांत टिळक होते.

१९१८ च्या मार्चअखेर होमरूल लीगचे शिष्टमंडळ घेऊन ते निघाले. बरोबर दादासाहेब खापर्डे, न. चिं. केळकर, दादासाहेब करंदीकर आणि बिपिनचंद्र पाल होते. वाटेत सत्कार झाले, लोकांनी निधी दिला. मंडळी कोलंबोला पोहोचली आणि तेथे कळले की, लंडनहून आलेल्या आदेशाने सर्वांचे पासपोर्ट रद्द झाले आहेत. हाती असलेले कागद एका तारेने निकामी झाले आणि शिष्टमंडळ आल्या वाटेने परत फिरले.

दुसऱ्या वेळी टिळकांनी अर्ज केला तो फक्त चिरोल खटल्यासाठी. वादीला त्याच्याच फिर्यादीसाठी न्यायालयात जाऊ न देणे सरकारला कठीण होते. परवानगी मिळाली, पण अटीवर. इंग्लंडमध्ये राजकीय चळवळीत भाग घ्यावयाचा नाही, ही ती अट. ज्याने आयुष्यभर सरकारच्या अटी झुगारल्या तो माणूस ही अट कशी स्वीकारील, असे अनेकांना वाटले असेल. टिळकांनी ती स्वीकारली. अट अन्यायाची आहे हे जाणून, ती उघडपणे मान्य करून, ते सप्टेंबर १९१८ मध्ये मुंबईहून बोटीने निघाले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस लंडनला पोहोचले. खोट्या नावाने जाणे, दुसरेच कारण सांगणे, कागद लपवणे, असे मार्ग त्या काळातही होते आणि काही क्रांतिकारकांनी ते वापरलेही. टिळकांचा मार्ग वेगळा होता. आपण कोण आहोत, आपल्याला कोणत्या शिक्षा झाल्या आहेत हे सर्व सरकारला ठाऊक असताना, त्याच नावाने आणि त्याच इतिहासासह त्यांनी प्रवेश मागितला.

हे सांगताना एक गोष्ट विसरता येत नाही. त्यांचा इतिहास लपवण्याजोगा उरलाच नव्हता. साऱ्या देशाला तो पाठ होता. प्रामाणिकपणाचा मार्ग त्यांना त्यामुळे सोपा झाला असे मात्र नाही. उघड झालेल्या इतिहासासह दार ठोठावण्याची किंमत त्यांनी पुरेपूर दिली.

खटला १९१९ च्या जानेवारीअखेर न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यापुढे सुरू झाला. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन आणि चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन असे त्या काळचे नामांकित बॅरिस्टर होते. कार्सन यांनी उलटतपासणीत जुन्या शिक्षा एकामागून एक मांडल्या. १८९७ आली, १९०८ आली, आणि उच्च न्यायालयाने व प्रिव्ही कौन्सिलाने निकालात काढलेले ताईमहाराज प्रकरणही आले. ज्याला दोनदा राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली आहे त्याला गमावण्यासारखी अब्रू ती काय असणार, हाच सूर. २१ फेब्रुवारीला निकाल टिळकांच्या विरुद्ध लागला. खर्चाचा बोजा लाखोंच्या घरात गेला आणि तो भागवण्यासाठी महाराष्ट्राने निधी जमवला.

दप्तरातील नोंद कशी वापरली जाते, याचा हा नमुना आहे. शिक्षा भोगल्याने ती पुसली गेली नव्हती. निर्दोष सुटल्यानेही आरोप पुसला गेला नव्हता. दोन्ही गोष्टी सात समुद्रापलीकडे त्यांच्याआधी पोहोचल्या होत्या.

तरीही इंग्लंडची ती फेरी वाया गेली नाही. युद्ध थांबल्यावर पुढे राजकीय बोलण्यावरील बंधन उठले. मेडा व्हेलमधील हॉली प्लेस येथे दहा क्रमांकाच्या घरात राहून टिळकांनी मजूर पक्षाशी संबंध जोडले, सभांतून भाषणे केली आणि १९१९ मध्ये हिंदुस्थानच्या कायद्याचा विचार करणाऱ्या पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे साक्ष दिली. मधल्या काळात आणखी एक दार मात्र बंद झाले. दिल्लीच्या काँग्रेसने डिसेंबर १९१८ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची निवड केली होती. लंडनहून पॅरिस किती जवळ! पण टिळकांना तेथे जाण्यासाठी पासपोर्ट मिळाला नाही. त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमेन्सो यांना निवेदन पाठवले, अध्यक्ष विल्सन यांना लिहिले आणि टपालाने जेवढे जाता येईल तेवढे पॅरिसला गेले. १९१९ च्या नोव्हेंबरअखेर ते मुंबईत उतरले, अमृतसरच्या काँग्रेसला गेले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात त्यांची प्राणज्योत मालवली.

पुढे काळाने आपला निकाल दिला. ज्या उच्च न्यायालयात सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली तेथेच १९५६ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते टिळकांच्या निवेदनाचा शिलालेख लावला गेला. लंडनच्या त्या घरावरही १९६१ पासून त्यांच्या नावाची पाटी आहे. इंग्लंडने २००९ च्या कायद्याने राजद्रोहाचा गुन्हाच रद्द केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली १२४ अ या कलमाचा अंमल थांबवला आणि २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द उरला नाही, जरी वेगळ्या शब्दांतले एक कलम आले. आणि तरी इंग्लंडच्या आजच्या प्रवेशनियमांच्या निव्वळ शब्दांवर बोट ठेवायचे, तर बारा महिने किंवा अधिक कैद झालेल्या अर्जदाराला प्रवेश नाकारावा, असे ते सांगतात. त्याहून कमी शिक्षेच्या बाबतीत किती काळ लोटला याचा विचार होतो. ज्याच्या नावाची पाटी घरावर आहे त्याची सहा वर्षांची शिक्षा या मापाने दारातच अडली असती. अधिकाऱ्याने गुन्ह्याचे स्वरूप पाहण्याची तसदी घेतली तरच ती पुढे सरकली असती. अमेरिकेच्या कायद्यात नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यांमुळे येणाऱ्या बंदीतून केवळ राजकीय गुन्हे वगळले आहेत. हा अपवाद लिहिणाऱ्यांना शिक्षेच्या आकड्यापलीकडे पाहण्याची गरज कळली होती, असे म्हणावे लागेल.

यावर कोणी म्हणेल, टिळकांची गोष्ट वेगळी. त्यांनी देशासाठी शिक्षा भोगली. या मुलाने एकाचे डोके फोडले. आक्षेप रास्त आहे आणि तो मी टाळू इच्छित नाही. ज्याचे डोके फुटले त्याच्याही घरी त्या रात्री चूल पेटली नसेल. आपल्या देशात कोणास येऊ द्यावे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे आणि त्यासाठी मागचा इतिहास विचारणे यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की, मिळालेल्या उत्तराचे पुढे काय करावे. गुन्हा कोणता, शिक्षा किती, लोटलेला काळ किती आणि त्यानंतरचे वर्तन कसे, या चार गोष्टी तोलल्यावाचून निर्णय दिला तर न्यायालयाने दिलेल्या शिक्षेत एक अधिकारी स्वतःच्या मनाने भर घालतो. त्या भरीला मुदत नसते आणि अपीलही बहुधा नसते. टिळकांपाशी सायमनसारखा वकील होता, निधी देणारा महाराष्ट्र होता. भाईंदरच्या हिशेबनिसापाशी एक एजंट आहे आणि तोही खोटे लिही म्हणणारा.

आपला स्वतःचा कायदा या बाबतीत पुष्कळ समंजस आहे, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे शिक्षेमुळे पासपोर्ट नाकारता येतो तो, गुन्हा नैतिक अधःपतनाचा असेल, शिक्षा किमान दोन वर्षांची असेल आणि ती अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत झाली असेल, तरच. म्हणजे स्वरूप, प्रमाण आणि काळ, तिन्हींचा विचार कायद्यात आहे. खटला चालू असेल तर पासपोर्ट अडतो. पण १९९३ च्या अधिसूचनेनुसार न्यायालयाची परवानगी आणल्यास तोही मिळू शकतो. परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सांगितले आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात ते अधिक पक्के केले. व्हिसा मात्र परक्या सरकारच्या हाती असतो आणि तेथे आपला कायदा पोहोचत नाही.

पण आपण घरी करण्यासारखे बरेच उरते. इंग्लंडने १९७४ साली कायदा करून ठरावीक काळ सरळ वागलेल्या माणसाची किरकोळ शिक्षा नोकरी वगैरेंच्या बाबतीत मिटल्याप्रमाणे मानली. व्हिसाच्या निर्णयांना तो कायदा आता लागू होत नाही. तथापि त्यामागील तत्त्व मोलाचे आहे. आपल्याकडे असा सर्वसाधारण कायदा नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली सोडलेल्या अपराध्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही, आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याने अल्पवयीनांना तसेच संरक्षण दिले आहे. पहिल्याच अपराधात परिवीक्षेचा लाभ मागता येतो हे त्या मुलाला किंवा त्याच्या वडिलांना कोणी सांगितले नव्हते. लवकर मोकळे व्हावे म्हणून त्याने गुन्हा कबूल केला आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद पत्करली. एका दुपारची ती कैद अकरा वर्षांनंतर त्याच्यासमोर रकाना होऊन उभी राहिली. किरकोळ गुन्ह्यांत कबुली देणाऱ्या तरुणांना त्या कबुलीचे दूरवरचे परिणाम न्यायालयातच समजावून सांगण्याची व्यवस्था झाली, तर पुष्कळ घरांचे कल्याण होईल. तसेच पोलीस पडताळणीच्या अहवालात गुन्हा दाखल झाल्याची नोंद जेवढ्या ठळकपणे येते तेवढ्याच ठळकपणे त्याचा शेवट, म्हणजे सुटका, दंड वा तडजोड, यावा. मीरा-भाईंदर आणि वसई-विरारसाठी २०२० पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. येथून नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांची संख्या पाहता असा पायंडा पाडण्यास याहून योग्य जागा कोणती?

आठ दिवसांनी तो मुलगा आला. मी त्याला सांगितले की, रकान्यात होय लिहावे. नीतीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी व्यवहारही तेच सांगतो. जुनी किरकोळ शिक्षा अधिकारी क्षमा करू शकतो. खोटे उत्तर मात्र आजचा नवा अपराध ठरते. फसवणूक उघडकीस आल्यास इंग्लंडचे दार दहा वर्षे बंद होऊ शकते आणि अमेरिकेचे कायमचे. अर्जासोबत निकालपत्राची प्रमाणित प्रत, दंड भरल्याची पावती, कारखान्याच्या मालकाचे पत्र आणि घडल्या गोष्टीची साधी, सबब न सांगणारी हकीकत जोडावी, असेही सुचवले. हकीकत त्याने स्वतः लिहिली. ज्याला मार लागला त्याच्याबद्दल त्यात दोन ओळी आहेत. त्या मी सुचवलेल्या नव्हत्या.

निर्णय अद्याप आलेला नाही. तो नकाराचा असू शकतो आणि तसे झाले तर माझ्या सल्ल्याची किंमत त्या मुलाला मोजावी लागेल, याची मला जाणीव आहे. लोकमान्यांनाही लंडनमध्ये निकाल विरुद्धच मिळाला होता.